तारा कोणता आकडा मागतो? प्रोटॉनसमृद्ध अणुकेंद्रकांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

फॉस्फरस-३० चं अर्धायुष्य अडीच मिनिटं आहे. ऑक्सिजन-निऑनच्या श्वेत बटूवर नवताऱ्याचा स्फोट होतो तेव्हा तळाच्या थराचं तापमान १० ते ४० कोटी केल्विनपर्यंत चढतं आणि शिखरावरचा काळ काही मिनिटांतच सरतो. तेवढ्यात फॉस्फरस-३० ने एक प्रोटॉन पकडला तर साखळी सल्फर-३१ वरून पुढे क्लोरीन, आर्गॉनकडे सरकते. नाही पकडला तर पॉझिट्रॉन सोडून त्याचं सिलिकॉन-३० होतं आणि साखळी तिथेच तुंबते. उल्कांमध्ये सापडणाऱ्या सूर्यपूर्व धूलिकणांत सिलिकॉन-३० किती असावं, हे बरंचसं या शर्यतीवर ठरतं.

शर्यतीतली ऱ्हासाची बाजू आपल्याला फार आधीपासून ठाऊक आहे. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी यांनी ॲल्युमिनियमवर अल्फा कण सोडून पहिला कृत्रिम किरणोत्सारी समस्थानिक बनवला, तो हाच फॉस्फरस-३०. दुसरी बाजू, म्हणजे प्रोटॉन पकडण्याचा वेग, आजही पुरेशा नेमकेपणाने हातात नाही. कारण साधं आहे. अडीच मिनिटांत नाहीसा होणारा पदार्थ लक्ष्य म्हणून वापरता येत नाही, आणि त्याचा झोत करावा तर थेट मोजणीला पुरेल इतका तीव्र झोत अजून मिळत नाही. मग उलट बाजूने जावं लागतं: क्लोरीन-३१ बनवायचा, त्याच्या बीटा ऱ्हासातून सल्फर-३१ च्या उत्तेजित पातळ्या भरायच्या आणि त्यांतून सुटणारे प्रोटॉन व गॅमा मोजायचे.

म्हणजे या क्षेत्रात ऱ्हासाला दोन कामं आहेत. ताऱ्यात तो घड्याळ असतो आणि प्रयोगशाळेत तो खिडकी असतो. नव्याने येणारे विद्यार्थी ही दोन कामं एकमेकांत मिसळतात आणि पुढचं बरंच वाचन त्यामुळे धूसर राहतं. कुठलाही शोधनिबंध हाती घेतलात की आधी विचारा: इथे ऱ्हासाचा वेगच ताऱ्याला हवा आहे, की ऱ्हासाच्या आधाराने दुसऱ्याच कुठल्या अभिक्रियेचा वेग काढला जातोय?

घड्याळ: प्रयोगशाळेतलं आणि ताऱ्यातलं

प्रोटॉन जास्त झालेलं अणुकेंद्रक दोन वाटांनी सावरतं: पॉझिट्रॉन सोडून, किंवा कवचातला इलेक्ट्रॉन गिळून. पॉझिट्रॉनची वाट उघडायला मूळ आणि अपत्य अणूंच्या वस्तुमानांत किमान १०२२ केईव्हीचा (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) फरक लागतो. तक्त्यांत दिलेली वस्तुमानं अणूंची असतात, नुसत्या केंद्रकांची नव्हे. त्यामुळे पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा काढताना १०२२ वजा करायचे राहून जातात. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच.

दुसरी चूक अर्धायुष्य आणि सरासरी आयुष्य यांची गल्लत. क्ष-किरण स्फोटांमधल्या शीघ्र प्रोटॉनग्रहण प्रक्रियेचे तीन प्रसिद्ध थांबे घ्या: जर्मेनियम-६४, सेलेनियम-६८ आणि क्रिप्टॉन-७२. त्यांची अर्धायुष्यं अनुक्रमे ६३.७, ३५.५ आणि १७.१ सेकंद. बेरीज ११६ सेकंद. पण अभिक्रिया-नेटवर्कच्या, म्हणजे सगळ्या केंद्रकांची प्रमाणं एकत्र सोडवणाऱ्या, समीकरणांत जातो तो ऱ्हासांक, म्हणजे ०.६९३ भागिले अर्धायुष्य. त्या हिशेबाने सरासरी आयुष्यांची बेरीज १६८ सेकंद होते. न्यूट्रॉन ताऱ्यावरचा असा क्ष-किरण स्फोट साधारण १० ते १०० सेकंद टिकतो. तेव्हा फक्त बीटा ऱ्हासावर विसंबलं तर साखळी या तिघांच्या पुढे फारशी जाणारच नाही. ती जाते, कारण थांब्यावरून निघायची आणखी एक वाट आहे: लागोपाठ दोन प्रोटॉन पकडणं.

ही वाट किती रुंद, हे ठरवतं मधलं केंद्रक. जर्मेनियम-६४ ने प्रोटॉन पकडला की आर्सेनिक-६५ होतं. त्यात शेवटचा प्रोटॉन बांधलेलाच नाही. त्याची प्रोटॉन-विलगीकरण ऊर्जा ऋण आहे. तरीही ते लगेच फुटत नाही, कारण विद्युत-अडसर प्रोटॉनला अडवून धरतो आणि तेवढ्यात बीटा ऱ्हास बाजी मारतो. प्रयोगशाळेत त्याचं अर्धायुष्य सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळतं. 'अबद्ध' म्हटलं की क्षणात नष्ट, असं धरून चालू नका. सेलेनियम-६८ ने प्रोटॉन पकडून बनणारं ब्रोमीन-६९ मात्र ७८५ केईव्हीने अबद्ध आहे आणि ते खरोखरच क्षणात प्रोटॉन टाकतं. म्हणून सेलेनियम-६८ हा जर्मेनियम-६४ पेक्षा कितीतरी हट्टी थांबा आहे.

ताऱ्यात जर्मेनियम-६४ आणि आर्सेनिक-६५ यांच्यात प्रोटॉनची देवघेव इतक्या झपाट्याने चालते की दोघांचं प्रमाण समतोलात येतं, आणि ते विलगीकरण ऊर्जेवर घातांकी अवलंबून असतं. २०११ मध्ये चीनमधल्या लानचौ इथल्या साठवण-कड्यात आर्सेनिक-६५ चं वस्तुमान मोजलं गेलं. विलगीकरण ऊर्जा निघाली उणे ९०, अनिश्चितता ८५ केईव्ही. १ अब्ज केल्विनला तापीय ऊर्जा ८६ केईव्ही असते. म्हणजे ८५ केईव्हीची चूक ही आर्सेनिक-६५ च्या प्रमाणात २.७ पटींची चूक. दीड अब्ज केल्विनला तीच चूक १.९ पट. वस्तुमान मोजणारे लोक दहा केईव्हीसाठी का झगडतात, ते या गुणोत्तरात दिसतं. २०२३ मध्ये लानचौहूनच अधिक नेमकी मोजणी आली, आणि तिच्यानुसार तो प्रोटॉन आधी वाटला होता त्याहूनही सैल आहे. परिणामी जर्मेनियम-६४ चा थांबा पुन्हा लांबला.

इलेक्ट्रॉन-ग्रहणाचा मामला आणखी नाजूक, कारण ताऱ्यात कवचं शिल्लकच नसतात. बेरिलियम-७ प्रयोगशाळेत ५३.२ दिवसांच्या अर्धायुष्याने फक्त इलेक्ट्रॉन गिळून ऱ्हास पावतो. सूर्याच्या गाभ्यात त्याचे इलेक्ट्रॉन बहुतांशी सुटलेले असतात, आणि तो भोवतालच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांतून एखादा पकडतो. वेग घनता आणि तापमानावर ठरतो. तिथे ५३.२ दिवस टाकणं चूकच.

ॲल्युमिनियम-२६ मध्ये गोष्ट वेगळ्या कारणाने बदलते. तळपातळीचं अर्धायुष्य सुमारे ७.२ लाख वर्षं, पण २२८ केईव्हीवरच्या समघटकाचं, म्हणजे टिकून राहणाऱ्या उत्तेजित पातळीचं, केवळ ६.३५ सेकंद. साधारण ४० कोटी केल्विनच्या खाली नेटवर्कमध्ये हे दोन वेगळे घटक म्हणूनच धरावे लागतात. त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर दोघे उष्णतेने एकमेकांत मिसळतात. तयार कोड वापरताना त्यात ॲल्युमिनियम-२६ एक आहे की दोन, हे पहिल्याच दिवशी तपासा.

आधी सोडियम-२२

परदेशातल्या मोठ्या झोताची स्वप्नं बघण्याआधी विभागातल्या प्रयोगशाळेचं कपाट उघडा. सोडियम-२२ चा स्रोत बहुतेक एमएस्सी विभागांत असतो, आणि ते चोख प्रोटॉनसमृद्ध केंद्रक आहे. शिवाय त्याचा १२७५ केईव्हीचा गॅमा नवताऱ्यांतून यावा म्हणून अवकाशातल्या दुर्बिणी कित्येक वर्षं शोध घेत आल्या आहेत. अर्धायुष्य २.६ वर्षं. स्रोत पाच वर्षं जुना असेल तर डब्यावर लिहिलेल्या क्रियाशीलतेचा जेमतेम एक चतुर्थांश उरलेला असतो. तारीख बघून दुरुस्ती करा.

प्रयोग असा: एकूण ऱ्हासांपैकी किती पॉझिट्रॉनच्या वाटेने जातात आणि किती इलेक्ट्रॉन-ग्रहणाच्या, ते गुणोत्तर काढायचं. दोन्ही वाटा जवळजवळ नेहमी निऑन-२२ च्या १२७५ केईव्हीच्या पातळीवरच येतात, म्हणून १२७५ ची रेषा एकूण ऱ्हास मोजते. ५११ ची रेषा पॉझिट्रॉन मोजते, प्रत्येकी दोन फोटॉन. ५११ च्या रेषेखालचं क्षेत्रफळ तिथल्या कार्यक्षमतेने भागा, मग दोनने भागा, आणि आलेला आकडा १२७५ च्या दुरुस्त क्षेत्रफळाने भागा. उत्तर ०.९० च्या जवळ यायला हवं.

पहिल्या खेपेला ते येत नाही. बहुतेकदा कमी येतं, कारण स्रोताची खिडकी पातळ असेल तर पॉझिट्रॉन बाहेर निसटून दूर कुठेतरी नष्ट होतात. कमाल ऊर्जा ५४६ केईव्ही आहे. स्रोताच्या दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमची चकती लावली की सगळे तिथेच थांबतात. जास्त आलं तर पार्श्वभूमी वजा करायची राहिली असेल. ५११ ची रेषा स्रोत नसतानाही वैश्विक किरणांमुळे दिसते. स्रोत डिटेक्टरला चिकटवून ठेवला असेल तर १७८६ केईव्हीला एक परकं शिखर उभं राहतं. ते ५११ आणि १२७५ एकाच वेळी पोचल्याचं आहे, आणि तेवढ्या नोंदी मूळ शिखरांतून हरवलेल्या असतात. स्रोत २० ते २५ सेंटिमीटर लांब न्या. ५११ चं शिखर शेजाऱ्यांपेक्षा रुंद दिसेल. इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे होणारा तो डॉप्लर परिणाम आहे, तुमचा ॲम्प्लिफायर बिघडलेला नाही. जुळवणीचा कोड एकाच रुंदीचा असेल तर ५११ साठी वेगळी रुंदी मोकळी सोडा.

आता यातून ताऱ्याचा प्रश्न काढा. सगळे इलेक्ट्रॉन गमावलेलं सोडियम-२२ विरळ अवकाशात धावत असेल तर इलेक्ट्रॉन-ग्रहणाची दहा टक्क्यांची वाट बंद होते आणि अर्धायुष्य २.६ वरून सुमारे २.९ वर्षांवर जातं. हे उत्तर स्वतः मोजलेल्या गुणोत्तरातून काढलंत, तर पुढचा बराचसा विषय परका वाटणार नाही.

खिडकी: क्लोरीन-३१ चा प्रयोग, सुरुवातीपासून

कागदावरची आकडेमोड आधी. ताऱ्यात प्रोटॉनग्रहण कुठल्या ऊर्जेला होतं, हे गॅमॉव्ह खिडकीवरून कळतं. दोन्ही केंद्रकांच्या विद्युतभार-अंकांच्या गुणाकाराचा वर्ग, गुणिले रिड्यूस्ड मास, गुणिले दशलक्ष केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाचा वर्ग. या सगळ्याचं घनमूळ काढून १.२२ ने गुणा, उत्तर केईव्हीमध्ये मिळेल. फॉस्फरस-३० आणि प्रोटॉनसाठी, २० कोटी केल्विनला: २२५ गुणिले ०.९६८ गुणिले ४०,०००, त्याचं घनमूळ सुमारे २०६, आणि उत्तर २५१ केईव्ही. खिडकीची रुंदी सुमारे १५० केईव्ही. म्हणजे सल्फर-३१ मध्ये प्रोटॉन-उंबरठ्याच्या वर साधारण १७५ ते ३२५ केईव्हीच्या पट्ट्यात जी पातळी असेल, तीच महत्त्वाची.

उंबरठा ६१३१ केईव्हीला आहे आणि ६३९० केईव्हीला एक पातळी सापडलेली आहे. फरक २६० केईव्हीच्या आसपास. अगदी खिडकीच्या मधोमध. अशा पातळीतून अभिक्रियेचा वेग एकदम वाढतो, त्यालाच अनुस्पंदन किंवा नेहमीच्या बोलण्यात रेझोनन्स म्हणतात.

फिरकीचा हिशेब बघा, कारण क्लोरीन-३१ ची निवड त्यावरच झाली आहे. फॉस्फरस-३० ची तळपातळी १ धन (फिरकी १, समता धन), प्रोटॉन १/२ धन. कोनीय संवेग न घेता प्रोटॉन आत शिरला तर १/२ किंवा ३/२ धन पातळ्या बनतात, आणि कमी ऊर्जेला असा प्रवेशच सगळ्यात सोपा. क्लोरीन-३१ ची तळपातळी ३/२ धन आहे. अनुमत बीटा ऱ्हास तिथून १/२, ३/२ आणि ५/२ धन पातळ्यांवर पोचतो. ताऱ्याला हव्या त्या पातळ्या ऱ्हास स्वतःच निवडून भरतो. याची मर्यादाही इथेच दिसते: ऋण समता असलेले रेझोनन्स या खिडकीतून दिसत नाहीत, त्यांच्यासाठी ट्रान्स्फर अभिक्रियांकडे वळावं लागतं. 'बीटा ऱ्हासात दिसली नाही, म्हणून पातळीच नाही' असं लिहिलेला मसुदा परीक्षक पहिल्याच फेरीत परत पाठवतात.

ताऱ्याला हवा असलेला आकडा म्हणजे रेझोनन्सची ताकद. ती तीन गोष्टींतून बनते: फिरकीचा गुणक, जो ३/२ धनसाठी इथे २/३ येतो, प्रोटॉनने फुटण्याचं आणि गॅमाने शांत होण्याचं गुणोत्तर, आणि पातळीचं आयुष्य. फिरकीचा निर्णय आणि मधलं गुणोत्तर ऱ्हासाच्या प्रयोगातून मिळतात. आयुष्य वेगळं मोजावं लागतं किंवा शेल मॉडेलच्या सैद्धांतिक गणितातून घ्यावं लागतं, आणि अंतिम अनिश्चिततेचा मोठा वाटा तिथूनच येतो. रेझोनन्सची ऊर्जा मात्र घातांकात बसते. त्यामुळे पातळीची ऊर्जा आणि उंबरठा, दोन्हींची चूक सोबत घेऊनच पुढे जा.

झोत. आर्गॉन-३६ चा वेगवान झोत बेरिलियमच्या लक्ष्यावर आपटला की त्याचे तुकडे होतात, त्यांत क्लोरीन-३१ असतो. चुंबकीय विभाजक वस्तुमान आणि विद्युतभाराच्या गुणोत्तरावरून तुकडे निवडतो. मधे ॲल्युमिनियमचा पाचरीसारखा पत्रा ठेवला की वेगवेगळ्या मूलद्रव्यांची ऊर्जाहानी वेगळी होऊन दुसऱ्या टप्प्यात आणखी गाळणी होते. लाइझ++ या मोफत प्रोग्रॅममध्ये हे सगळं घरच्या संगणकावर मांडता येतं, आणि प्रस्ताव लिहिण्याआधी ते मांडावंच. पण एका गोष्टीत त्यावर डोळे झाकून विसंबू नका. प्रोटॉनसमृद्ध बाजूला अधिक मुबलक शेजाऱ्यांच्या कमी-संवेगाच्या शेपट्या विभाजकातून आत घुसतात. इथे न्यूट्रॉनसंख्या तीच असलेले सल्फर-३० आणि फॉस्फरस-२९. गणितात त्या शेपट्या प्रत्यक्षापेक्षा बारीक निघू शकतात. त्या छाटायला उड्डाणवेळेवर चालणारा रेडिओवारंवारतेचा गाळणीटप्पा लागतो. ज्या केंद्रात तो नाही तिथे या केंद्रकासाठी वेळ मागू नये, हे आमचं स्पष्ट मत.

डिटेक्टर. नवखा माणूस सिलिकॉन सुचवतो. कल्पना स्वाभाविक आहे: क्लोरीन-३१ सिलिकॉनमध्ये रुतवा, २५० केईव्हीचा प्रोटॉन तीनेक मायक्रॉनमध्ये थांबतो, त्यामुळे पूर्ण ऊर्जा मिळते. अडचण पॉझिट्रॉनची. तो सिलिकॉनमधून जाताना दर मायक्रॉनला सुमारे ०.४ केईव्ही सोडतो. ३०० मायक्रॉन जाडीत सरळ गेला तरी १०० केईव्हीच्या वर जातो, तिरका गेला तर आणखी. मग प्रत्येक प्रोटॉनच्या शिखरात पॉझिट्रॉनची ऊर्जा मिसळून ते वर सरकतं, उजवीकडे शेपटी काढतं; आणि नुसत्या पॉझिट्रॉनांचा ढिगारा २५० केईव्हीपर्यंत पसरून नेमका हवा तो पट्टा गिळतो. ४० ते ७० मायक्रॉनचं पातळ सिलिकॉन घेतलं तर हा ढीग खाली येतो, पण इतक्या पातळ थरात झोताचे सगळे आयन थांबत नाहीत, बरेच आरपार जातात.

म्हणून कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांसाठी वायूचा डिटेक्टर. ९० टक्के आर्गॉन आणि १० टक्के मिथेन असलेला पी-१० वायू, साधारण वातावरणीय दाबाला. पॉझिट्रॉन त्यात दर सेंटिमीटरला जेमतेम अडीच केईव्ही टाकतो. दहा सेंटिमीटरला २५ केईव्ही. प्रोटॉन काही मिलिमीटरमध्ये थांबतो. भोवती जर्मेनियमचे गॅमा डिटेक्टर उभे करायचे. मिशिगन राज्य विद्यापीठात उभारलेली गॅजेट ही रचना याच तत्त्वावर चालते, आणि २०२२ मध्ये तिच्यातूनच २६० केईव्हीच्या प्रोटॉनची तीव्रता प्रसिद्ध झाली: दहा लाख ऱ्हासांमागे सुमारे ८.३.

वायूच्या डिटेक्टरच्या स्वतःच्या खोड्या आहेत. गळतीतून ऑक्सिजन शिरला की तो इलेक्ट्रॉन चिकटवून घेतो आणि संकेत लहान होत जातो. दाब आणि खोलीचं तापमान बदललं तरी शिखर सरकतं. दर तासाला एखादी ओळखीची प्रोटॉनरेषा कुठे बसली आहे ते तपासून नंतर ऊर्जा जुळवणी तासागणिक करायची. झोत आत येतो तेव्हा आयनीभवन इतकं प्रचंड असतं की ॲम्प्लिफायर सुन्न होतो. त्यामुळे झोत टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो: अर्धायुष्याच्या दोन-तीन पट वेळ झोत चालू, तेवढाच वेळ बंद, आणि मोजणी बंद वेळेत. क्लोरीन-३१ चं अर्धायुष्य सुमारे १९० मिलिसेकंद आहे, त्यावरून टप्पा ठरवा. जे आयन वायूत तटस्थ झाले नाहीत, ते विद्युतक्षेत्रात वाहत कॅथोडवर जाऊन बसतात. तिथून सुटलेल्या निम्म्या प्रोटॉनांची ऊर्जा धातूत जाते. कडेच्या प्रोटॉनांचं बाहेर निसटणं पकडायला भोवतालच्या पॅडांचा व्हीटो लागतो, म्हणजे तिथे संकेत आला की ती नोंद रद्द. या दोन्हींची दुरुस्ती जिऑंट-४ या कणांच्या प्रवासाचं अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या प्रतिकृतीतून करतात. ती प्रतिकृती झोताआधीच तयार असायला हवी, कारण टप्प्याची लांबी आणि दाब तिच्यावरूनच ठरतात.

गॅमाकडे दोन सूचना. सल्फर-३१ ची पहिली उत्तेजित पातळी सुमारे १२४९ केईव्हीला आहे, आणि सल्फर-३१ स्वतः अडीच सेकंदांत फॉस्फरस-३१ होतं, त्याची रेषा १२६६ ला. सतराच केईव्हीचं अंतर. सोडियम आयोडाइडमध्ये दोन्ही एक दिसतात, जर्मेनियममध्ये सहज वेगळ्या होतात. आणि ऊर्जा जुळवणी फक्त युरोपियम-१५२ वर सोडू नका. त्याच्या शेवटच्या ठळक रेषा १४०८ ला संपतात, तर तुम्हाला सहा हजारांपर्यंत जायचं आहे. कोबाल्ट-५६ ३२५३ पर्यंत नेतो. त्यापुढे झोतातल्याच ओळखीच्या केंद्रकांच्या रेषा वापराव्या लागतात.

प्रोटॉनची ऊर्जा जुळवताना अल्फा स्रोत हाताशी असतो म्हणून तोच वापरला जातो, आणि चूक आत शिरते. बाहेरून आलेला अल्फा डिटेक्टरच्या निष्क्रिय थरातून येतो, तुमचा प्रोटॉन आतूनच निघतो. शिवाय आत रुतलेल्या केंद्रकातून प्रोटॉन निघाला की मागे ढकललेलं केंद्रकही काही ऊर्जा सोडतं, पण तिचा सगळा भाग संकेतात येत नाही. ओळखीचे बीटा-विलंबित प्रोटॉन देणारं केंद्रक, जसं १९६३ पासून माहीत असलेलं सिलिकॉन-२५, आधी काही तास आत सोडा आणि त्यावर जुळवा. आकडा लिहिताना तो प्रोटॉनचा की एकूण केंद्रीय ऊर्जेचा, हे दर वेळी नोंदवा: २६० केईव्ही एकूण असेल तर प्रोटॉनच्या वाट्याला तीस-एकतीसांश, म्हणजे २५२ येतात. प्रकाशित तक्त्यांतही दोन्ही प्रथा सापडतात.

वेळेचा हिशेब असा मांडतात. समजा झोत सेकंदाला १०,००० आयन, निम्मा वेळ चालू, सरासरी ५,०००. दहा लाखांत ८.३ या दराने हवा तो प्रोटॉन दर २४ सेकंदांना एक. चार दिवसांत सुमारे १४,०००. कार्यक्षमता निम्मी धरा, यंत्र ७० टक्के वेळ नीट चालेल धरा: ५,००० नोंदी. संख्याशास्त्रीय चूक दीड टक्का. हे वाचून निश्चिंत होऊ नका; त्याच काळात पॉझिट्रॉन आणि मोठ्या प्रोटॉनरेषांच्या शेपट्या त्याच पट्ट्यात अनेकपट नोंदी टाकतात, आणि अंतिम चूक पार्श्वभूमीच्या आकारावरून ठरते. प्रस्तावात शिखराबरोबर पार्श्वभूमीचंही चित्र काढून द्या. प्रस्ताव तपासणारी समिती तेच आधी बघते.

जिथे झोत क्षीण, तिथे सिलिकॉनच्या पट्ट्यांचा डिटेक्टर आणि घराघरातली वेळ-जुळणी, म्हणजे आयन ज्या घरात थांबला त्याच घरातल्या पुढच्या ऱ्हासाशी तो जोडणं, ही पद्धत. तिचा एकच नियम पाठ असू द्या. ४० गुणिले ४० पट्ट्यांची १६०० घरं असली तरी झोताचा ठिपका चारेकशे घरांवर पडतो. सेकंदाला १०० आयन आले तर प्रत्येक घरात चार सेकंदांना एक. केंद्रकाचं अर्धायुष्य दोन सेकंद असेल तर कुठला ऱ्हास कुठल्या आयनाचा, हे सांगता येत नाही. टिन-१०० चं अर्धायुष्य १.२ सेकंदांच्या आसपास आहे, तरी तिथे पद्धत चालते, कारण आयन इतके विरळ येतात की घरं रिकामीच असतात.

नेटवर्क

आपण मोजलेला आकडा ताऱ्यात कितपत फरक पाडतो, हे स्वतः चालवून बघा. रीॲक्लिब या अभिक्रिया-वेगांच्या संग्रहातले वेग मोफत मिळतात, पायथनमध्ये वीस-तीस केंद्रकांचं नेटवर्क आठवड्याभरात उभं राहतं. फॉस्फरस-३० चा प्रोटॉनग्रहणाचा वेग दहा पट वर, दहा पट खाली करून सिलिकॉन-३० काय करतो ते काढा. समीकरणं ताठर असतात, म्हणजे त्यांत फार जलद आणि फार मंद बदल एकत्र असतात. साधी रुंगे-कुट्टा पद्धत मिलिसेकंदांच्या पावलांत अडकून बसते, अंतर्निहित पद्धत वापरा. प्रत्येक पावलाला वस्तुमान-अंशांची बेरीज एक येते का तपासा. एकदा तापमान कायम ठेवून आणि एकदा घसरतं ठेवून चालवा. निष्कर्ष किती बदलतात ते बघितल्याशिवाय इतरांच्या संवेदनक्षमता-तक्त्यांवर बोलू नका. आणि वस्तुमानं बदललीत तर उलट अभिक्रियांचे वेगही त्याच वस्तुमानांवरून पुन्हा काढा, नाहीतर समतोल खोटा येतो.

भारतात कुठून सुरू करावं

एमएस्सीनंतरची वाट सर्वांना माहीत आहे: जेस्ट, नेट, गेट, आणि टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा. कुलाब्याला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आणि त्याला जोडलेला अतिवाहक लिनॅक आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ केंद्रात पेलेट्रॉनवर लिथियम-७ पासून बेरिलियम-७ चा दुय्यम झोत मिळवलेला आहे. देशात राहून किरणोत्सारी झोत हाताळायचा तर ही नोंद लक्षात असू द्या. कोलकात्यात सायक्लोट्रॉन आहे, आणि साहा संस्थेत कमी ऊर्जेचा त्वरकही. इथे स्थिर झोतांवर सक्रियण पद्धतीने जड प्रोटॉनसमृद्ध केंद्रकांचे काटछेद, म्हणजे अभिक्रिया घडण्याची शक्यता सांगणारे आकडे, मोजता येतात. पातळ पत्रा, झोत, मग जर्मेनियमसमोर शांतपणे मोजणी. मॉलिब्डेनम-९२ सारखी केंद्रकं ताऱ्यांत कशी बनली, हा जुना प्रश्न अजून सुटलेला नाही आणि त्यात अशा मोजण्यांना खरी किंमत आहे. पत्र्याची जाडी एका ठिकाणी मोजून भागत नाही. बाष्पीकरणाने केलेला थर मध्यभागी जाड असतो, झोतही मध्यभागीच पडतो, आणि काटछेदात पाच-दहा टक्के तिथेच चुकतात.

डार्मस्टाट, जपानमधलं रिकेन, मिशिगन, लानचौ, सर्नमधलं आयसोल्डे, कॅनडातलं ट्रायम्फ, फिनलंडमधलं युवास्क्युला: दूरचा झोत हवा तर यांपैकी कुठे तरी जावं लागेल. पीएचडीच्या काळात असे एक किंवा दोन प्रयोगच पदरी पडतात. मार्गदर्शक निवडताना गटाकडे मंजूर झालेला झोतवेळ आहे का, आणि मागच्या प्रयोगाची माहिती कुणी विश्लेषित करायची राहिली आहे का, हे दोन प्रश्न थेट विचारा. राहिलेली माहिती हातात आली तर पहिल्याच वर्षी खरा स्पेक्ट्रम समोर असतो.

आणि पहिल्या पाळीवर जाल तेव्हा नोंदवहीत हे लिहा, कुणी सांगो वा न सांगो: वायूचा दाब, खोलीचं तापमान, झोताचा दर, विभाजकातल्या पट्ट्यांची जागा, उंबरठे, प्रत्येक फाइलची सुरू आणि बंद वेळ, आणि कुणी कुठला नॉब हलवला. दोन वर्षांनी १२६६ ची रेषा एका रात्रीत तीन केईव्हीने का सरकली, याचं उत्तर त्याच पानावर मिळतं. बहुतेकदा तिथे लिहिलेलं असतं की पहाटे चारला जर्मेनियमच्या डिटेक्टरमध्ये द्रव नायट्रोजन भरला होता.